न लागलेल्या आगी

या समारंभाचे अध्यक्ष आणि अग्निशमन दलाचे प्रमुख, आदरणीय साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या, शहराच्या आरोग्य विभागाच्या सन्माननीय प्रमुख बाई. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजेच आमच्या सूनबाई. दलातले जवान आणि त्यांच्या घरची मंडळी. आणि मागच्या रांगांमध्ये दाटीवाटीने बसलेल्या, ज्यांच्या स्वयंपाकघरात सूनबाई कधी ना कधी डोकावून गेल्या आहेत अशा सर्व ताई, माई आणि आजी, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मघाशी माझी ओळख 'ज्येष्ठ समाजसेवक' अशी करून दिली. ती दुरुस्त करतो. मी शिंपी आहे. इथे बसलेल्या निम्म्या गणवेशांच्या कंबरा मी वेळोवेळी सैल करून दिल्या आहेत, तेवढीच माझी समाजसेवा. आणि हे सभागृह म्हणजे खरं तर तुमच्या बंबांची जागा. आज ते बंब बाहेर काढून इथे खुर्च्या मांडल्यात. मधेच घंटा वाजली तर निम्मी सभा उठून पळेल, अशी साहेबांनी मला आधीच कल्पना दिली आहे. खुशाल पळा. भाषण चालू असताना लोक उठून जातात हे काही नवीन नाही. निदान आज त्याला सबळ कारण असेल.

सासऱ्याने सुनेच्या निवृत्तीच्या निरोपाला उभं राहावं, हे जरा उफराटंच. मी नाही म्हणून पाहिलं. पण सूनबाई म्हणाल्या, "शिडीवर चढल्याच्या आणि धुरात शिरल्याच्या गोष्टी माझे सहकारी सांगतील, बाबा. तुम्ही आपल्या घरचं सांगा."

मी म्हटलं, "घरचं काय सांगू? आपल्या घरात तर काही झालंच नाही."

त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा."

तर आता घरातलंच बोलायचं आहे, म्हणून सभेची परवानगी घेऊन 'त्या' सोडतो आणि 'ती' वर येतो. घरात 'त्या, त्या' म्हणत बसलो तर ती मला डॉक्टरकडे नेईल.

आमचे चिरंजीव शाळेत भूगोल शिकवतात. लग्नाचं त्याने जेवताना सांगितलं. म्हणाला, मुलगी अग्निशमन दलात आहे. त्याच्या आईने विचारलं, "म्हणजे ऑफिसात?" तो म्हणाला, "नाही, शिडीवर." आमची ही, म्हणजे माझी पत्नी, भाताचं पातेलं घेऊन आली. मग माझ्या ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "मुलगी चांगलीच असेल. पण आपल्या घरी तिला काय काम? आपल्याकडे कुठे आग लागते?"

ही स्वयंपाकाला पक्की. घर चालवायला मी कपडे शिवत होतो हे खरं, पण ते घर उभं होतं हिच्या ओट्यावर. त्या ओट्यावर शेगडी, शेगडीच्या वर एक खिळा, खिळ्याला भांडी उचलायचं फडकं, आणि मागच्या खिडकीला फुलाफुलांचा लांब पडदा. पडदा मी शिवलेला. त्यामुळे पुढे जो वाद झाला त्यात मी न बोलणंच शहाणपणाचं मानलं.

लग्नानंतर पहिल्यांदाच सूनबाई स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि तिची नजर भांड्यांवर नाही, मसाल्यांवर नाही, थेट त्या खिळ्यावर गेली.

"आई, हे फडकं जरा इकडे लावू का? वाऱ्याने ज्योतीवर जाईल."

"तू जन्मायच्या आधीपासून ते त्याच खिळ्याला आहे. अजून गेलं नाही."

"तुमचं बरोबर आहे," सूनबाई म्हणाली, आणि विषय संपला. म्हणजे आम्हाला वाटलं संपला. त्यानंतर ही काही तळायला बसली, की सूनबाई येता-जाता फळीवरचं मोठं झाकण काढून शेगडीशेजारी ठेवायची. ही ते उचलून परत फळीवर ठेवायची. थोड्या वेळाने झाकण पुन्हा खाली. मी तुम्हाला खात्रीने सांगतो, त्या दोघींचं भांडण असं कधीच झालं नाही. दोघी मजेत गप्पा मारायच्या. झाकण मात्र दिवसभर वर-खाली करत असायचं.

मग तो रविवार आला. दुपार कलली होती. मी पुढच्या खोलीत, दुकानात, एका शर्टाची कॉलर बसवत होतो. चिरंजीव मित्राकडे गेलेला. सूनबाई न्हाणीघरात. आणि ही बटाट्याचे काप तळत होती. तेवढ्यात हिच्या बहिणीचा फोन आला. बहिणीचा फोन म्हणजे काय, हे इथल्या भगिनींना मी सांगायला नको. त्यांच्या यजमानांना तर नकोच नको. फोन होता मधल्या खोलीत. ही म्हणाली, एक मिनिटात येते.

मला आधी वास आला. करपल्याचा नाही, त्याहून उग्र. मी उठेपर्यंत हिच्याही लक्षात आलं होतं. ही धावली, तिच्या मागे मी. दारात पोहोचलो तर कढईतलं तेल पेटलेलं, आणि ज्वाळा पडद्याच्या खालच्या कडेपाशी. आमच्या हिच्या हातात पाण्याचा भरलेला जग होता. तो तिने ओतायला वर उचललाही होता. कुठल्याही माणसाने तेच केलं असतं.

इथल्या जवानांपुढे हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं आहे, पण कुणी नवीन मंडळी आली असतील म्हणून सांगतो. पेटलेल्या तेलात पाणी गेलं, की ते तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ जळतं तेल घरभर भिरकावते. समोर उभ्या माणसाच्या अंगावर सर्वांत आधी. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. हिलाही नव्हतं.

सूनबाई ओल्या केसांनी धावत आली. तिने हिचं मनगट धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, पाणी नको. ठेव ते खाली."

मंडळी, तोवर ती हिला 'तुम्ही' म्हणायची. त्या क्षणी तोंडातून 'ठेव' गेलं, आणि मग ते कधी परत 'ठेवा' झालं नाही.

तिने शेगडी बंद केली. न्हाणीघरात जाण्याआधी तिने झाकण खाली काढून ठेवलं होतं, आणि फोनच्या घाईत ते वर ठेवायचं हिच्याकडून राहून गेलं होतं. ते झाकण तिने हात लांब ठेवून, बाजूने सरकवत कढईवर नेलं. ज्वाळा आत गेली आणि गेली ती गेलीच. माझ्या अंगात उगाच पुरुषार्थ संचारला. मी कढई उचलून अंगणात न्यायला पुढे झालो, तर आवाज आला, "बाबा, हात लावायचा नाही. झाकणही उघडायचं नाही. पूर्ण निवू दे."

मग आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर बसलो. हिने सुनेकडे पाहिलं नाही. ती वाट पाहत होती. इतके दिवस सांगत होते, ऐकलं असतं तर, असं काहीतरी आता येणार, आणि ते ऐकून घ्यावं लागणार, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मीही वाट पाहत होतो. आणि मधल्या खोलीतून एक बारीक आवाज येत होता. हॅलो, हॅलो, अगं आहेस का?

सूनबाई म्हणाली, "आई, मावशी अजून फोनवर आहे. जा, तिला सांग तू बरी आहेस."

बस. एवढंच बोलली.

रात्रीच्या जेवणाला हिनेच विषय काढला. "तू मला बोलली का नाहीस गं?"

"घाबरलेल्या माणसाला बोललं, की त्याला बोलणी लक्षात राहतात. झाकण लक्षात राहत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची ही दुकानात आली आणि माझ्याकडे पक्कड मागितली. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, तुमचं तुम्ही शिवा. आत जाऊन पाहिलं तर बाई स्टुलावर चढून भिंतीतला तो खिळा उपटत होती. पडदा तर तिने आदल्या संध्याकाळीच उतरवला होता. त्याच्या मी पुढे दोन उश्या शिवल्या.

यापुढचा भाग तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. एका गोदामाच्या जिन्यावर सूनबाईचा गुडघा गेला. शिडी बंद झाली. दलाने तिला प्रतिबंध विभागात घातलं, म्हणजे वस्त्यावस्त्यांतून हिंडायचं आणि लोकांना सांगायचं की आग लागू देऊ नका. लोक भेटायला आले ते सांत्वनाला आल्यासारखे. सूनबाई माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसायची. एकदा म्हणाली, "बाबा, घंटा वाजते, सगळे पळतात, गाडी निघते. आणि मी खिडकीतून हात करते."

मी मशीन थांबवलं. ही आतून म्हणाली, "मला ने तुझ्याबरोबर एकदा."

तेव्हा सूनबाईच्या कार्यक्रमाला कोणी येत नव्हतं. आले तरी गणवेश बघून बायका मान डोलवायच्या आणि घरी जाऊन पुन्हा शेगडीवर फडकं टांगायच्या. त्या दिवशी एका चाळीच्या अंगणात दहा-बारा जणी बसल्या होत्या. आमची ही उभी राहिली. आयुष्यात कधी चारचौघांत बोललेली नाही. म्हणाली, "तेल तापत ठेवून बहिणीशी बोलत बसलेली बाई मीच. आता तुमच्यातली कोण कोण बसते ते सांगा."

आधी हशा झाला. मग एक हात वर आला. मग एकेक गोष्ट बाहेर पडायला लागली. कुणाच्या गाऊनची बाही पेटली होती. कुणी दूध ठेवून झोपलं होतं. कुणाच्या मुलाने कढईचा बाहेर आलेला दांडा ओढला होता. ही प्रत्येकीला विचारायची, "मग काय केलंस?" आणि सूनबाई शेजारी उभी राहून दाखवायची, काय करायचं ते. तिथून या दोघींची जोडी जमली. शहरातली एक वस्ती सोडली नाही. सुनेला लोक 'झाकणताई' म्हणू लागले, आणि हिला 'झाकणताईंच्या सासूबाई'. हिला त्याचा फार अभिमान. मी म्हटलं, सुनेच्या नावाने ओळखली जाणारी सासू मी पहिल्यांदाच पाहतोय. तर म्हणाली, "तुम्हालाही ओळखतील. आधी शेगडी पेटवायला शिका."

अध्यक्ष महोदय, मला वेळेचं भान आहे. आपण घड्याळाकडे पाहिलंत ते मी पाहिलं. आता थोडंच उरलं आहे, पण तेच सांगायला मी उभा आहे.

कालांतराने आमची ही विसरू लागली. आधी नावं. मग रस्ते. मग एका सकाळी रिकामी किटली शेगडीवर तापून काळी ठिक्कर पडली. थोड्या दिवसांनी तिने प्लास्टिकचा वाडगा पेटत्या ज्योतीवर ठेवला आणि शांतपणे त्याच्याकडे बघत उभी राहिली. चिरंजीव घरात होता म्हणून निभावलं.

तो फार घाबरला. त्याला दोष देता येणार नाही, त्याची आई होती. त्याने सिलिंडरचा रेग्युलेटरच काढला आणि रोज शाळेत जाताना बॅगेत घालून न्यायला लागला. नकाशे, खडू आणि रेग्युलेटर. ही शेगडीपुढे उभी राहून खटका फिरवायची. मग दुकानात येऊन मला सांगायची, "अहो, गॅस संपला वाटतं. नवीन मागवा." मी म्हणायचो, मागवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "अहो, गॅस संपला वाटतं." असं किती दिवस चाललं मला आठवत नाही. मग एके दिवशी ती यायचीच थांबली. पलंगावर बसून चादरीच्या कडेला चुण्या घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. जेवणही कमी झालं.

एका संध्याकाळी सूनबाईने नवऱ्यापुढे हात पसरला. "रेग्युलेटर दे."

"तुला कळतंय ना तू काय मागतेस? तू दलात असून?"

"तू आग थांबवलीस, ते बरोबरच केलंस. पण आईही थांबली. बघ तिच्याकडे."

"मग काय करू? घर पेटू देऊ?"

"नाही. आपण तिघं आहोत ना. आपण तिच्याबरोबर उभं राहायचं."

तिने आमचं स्वयंपाकघर नव्याने मांडलं. गॅसची शेगडी गेली. आपोआप बंद होणारी विजेची शेगडी आली, तशीच किटली आली. ओट्यावर पेटेल असं काहीही ठेवायचं नाही, कागद नाही, पिशवी नाही, फडकं नाही. भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला. घरातल्या बोळात धुराची सूचना देणारी घंटी. मला काम लागलं ते हिच्या गाऊनांचं. घोळदार बाह्या कापून मनगटापाशी घट्ट करायच्या, तेही सुती कापडात. मी आयुष्यभर परक्या बायकांची मापं घेतली. बायकोच्या मनगटाचं माप तेव्हा पहिल्यांदा घेतलं. फार बारीक झालं होतं.

आणि नियम एकच. स्वयंपाकघरात ती एकटी नाही. सकाळी कामावर जाण्याआधी सूनबाई, संध्याकाळी मुलगा, दुपारी मी. दुकान सोडून कसं जमणार, म्हणून आम्ही शिलाई मशीनच उचलून स्वयंपाकघराच्या दारात मांडलं. गिऱ्हाइकं आतपर्यंत यायची. इथल्याच एका जवानाने तक्रार केली होती की त्याच्या पँटीला कांद्याचा वास येतो. तो आता हसतोय बघा. त्या दारात बसून मला कळलं की आमची ही काम करताना गुणगुणते. एवढ्या वर्षांच्या संसारात मी ते ऐकलंच नव्हतं. मधे भिंत होती, आणि माझ्या मशीनचा आवाज.

ती चिरायची, निवडायची, ढवळायची, मीठ चाखून बघायची. बोट शेगडीच्या बटणाकडे गेलं की शेजारचं माणूस म्हणायचं, थांब, मी लावतो. हिसकावून घ्यायचं नाही, असं सूनबाईने आम्हाला बजावलं होतं. कधी ती सुनेला ओळखायची नाही. म्हणायची, "तुम्ही कोण? नवीन आलात का?" सूनबाई म्हणायची, "हो. तुझ्या हाताखाली शिकायला आलेय." मग ही तिला कांदा बारीक कसा चिरायचा ते पहिल्यापासून शिकवायची. सूनबाई रोज शिकायची.

अशी काही वर्षं गेली. मी मघाशी म्हटलं ना, आमच्या घरात काही झालं नाही. खरंच झालं नाही. बंब आमच्या दारी एकदाही आला नाही. साहेब, आपल्या दलात जळत्या घरातून माणूस बाहेर काढणाऱ्याला पदक देतात, आणि ते द्यायलाच हवं. सूनबाईने माझ्या बायकोला बाहेर काढलं नाही. तिला आत राहू दिलं, शेवटपर्यंत, तिच्या ओट्यापाशी. याला कुठलं पदक देतात मला माहीत नाही.

गेल्या वर्षी आमची ही गेली. तापाने, अंथरुणात, आम्ही तिघं जवळ असताना. आदल्या दिवशी सकाळी तिला जरा बरं वाटत होतं. सूनबाई तिला धरून स्वयंपाकघरात घेऊन आली. भांड्यात सूप होतं. मी मशीनवर होतो. आमची ही सुनेकडे बघून म्हणाली, "आई, मी ढवळू?"

सूनबाईने तिच्या हातात डाव दिला, मागून तिचा हात धरला आणि म्हणाली, "ढवळ. मी इथेच आहे."

नंतर हिला शेवटचा निरोप देताना मी हिचे हात पाहिले. शिंप्याची नजर, डाग चटकन दिसतो. चटक्यांच्या जुन्या, फिकट खुणा होत्या. सगळ्या सून घरात यायच्या आधीच्या.

असो. थोडं पाणी घेतो.

अध्यक्ष महोदय, आपण एका म्हाताऱ्याला व्यासपीठावर चढवलंत आणि वेळेवर खाली ओढलं नाहीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. दलाचे आभार मानतो, की माझ्या सुनेचा गुडघा गेल्यावर तुम्ही तिला घरी पाठवलं नाही, तर घराघरांत पाठवलं. मागे बसलेल्या तुम्हा सर्वजणींचे आभार, की तिला आत घेतलंत. बोलण्याच्या नादात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कुणाच्या कंबरेचा उल्लेख नको तिथे झाला असेल, मधेच पाण्यासाठी थांबून सभेचा खोळंबा झाला असेल, तर माझं वय पाहून सगळ्याला क्षमा करावी.

आणि सूनबाई, सत्काराची फुलं नीट धर आणि लवकर निघू या. चिरंजीव एव्हाना शाळेतून घरी पोचून पानं मांडून वाट बघत असेल. आज स्वयंपाक मी केलाय. आल्यापासून तू तीनदा माझ्याकडे पाहिलंस, ते का ते मला कळलंय. बंद करून आलोय, बाई. बटणाला हात लावून पाहिलं, मगच दाराला कुलूप घातलं.